क्रीडामोटारीच्या मागील निलंबनाची संरेखना : विशेष साधनांचा शोध आणि निरवांगी परिसरातील शक्यता

गोषवारा : मोटारीच्या चाकांचे कोन ठरावीक मर्यादेत आणणे म्हणजे संरेखना, अर्थात व्हील अलाइनमेंट. क्रीडामोटारीत, म्हणजे स्पोर्ट्स कारमध्ये, मागील चाकांची संरेखना पुढील चाकांइतकीच निर्णायक असते. तिच्यासाठी लागणारी विशेष साधने ग्रामीण भागात सहसा मिळत नाहीत. कोणते साधन स्थानिक पातळीवर घडविता येते आणि कोणते विकत किंवा भाड्याने घ्यावे लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : निलंबन, टो, कॅम्बर, थ्रस्ट अँगल, विशेष साधने

प्रस्तावना

इंदापूर तालुक्यातील निरवांगी हे नीरा खोऱ्यातील ऊसपट्ट्यातले गाव. या परिसरात भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याकडे उसाने भरलेल्या ट्रॉल्या जात असतात. ट्रॉलीच्या कमानपाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की आस तिरका सरकतो. ट्रॅक्टर सरळ चालत असूनही ट्रॉली एका बाजूस झुकून तिरकी धावते, आणि टायर अवेळी झिजतात. क्रीडामोटारीच्या मागील निलंबनात जो प्रश्न अंशाच्या दहाव्या भागात मोजावा लागतो, तोच येथे नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्यामुळे हा विषय या परिसराला वाटतो तितका परका नाही.

तीन कोन

वरून पाहिले असता चाक वाहनाच्या मध्यरेषेशी जो कोन करते त्यास टो म्हणतात. चाकाची पुढील कड आत वळलेली असल्यास टो-इन, बाहेर वळलेली असल्यास टो-आउट. समोरून किंवा मागून पाहिले असता चाकाचा उभ्या रेषेशी होणारा कोन म्हणजे कॅम्बर; चाकाचा माथा आत कललेला असल्यास तो ऋण मानतात. दोन्ही मागील चाकांचा एकत्रित रोख मध्यरेषेपासून जितका ढळलेला असतो, तो थ्रस्ट अँगल होय.

यांपैकी तिसरा कोन सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. समजा, दोन्ही मागील चाकांना प्रत्येकी 0.1 अंश टो-इन आहे. बेरीज 0.2 अंश आणि थ्रस्ट अँगल शून्य. आता डाव्या चाकास 0.3 अंश टो-इन व उजव्यास 0.1 अंश टो-आउट असेल, तरी बेरीज 0.2 अंशच येते. परंतु थ्रस्ट अँगल 0.2 अंश होतो. दोन चाकांमधील अंतर पुढून व मागून टेपने मोजणारा कारागीर दोन्ही स्थितींत एकच निष्कर्ष काढील. मापन अचूक असूनही निदान चुकेल, कारण टेप फक्त बेरीज सांगतो.

क्रीडामोटारीचे वेगळेपण

मागील आस एकसंध असल्यास चाकांचे कोन बहुतांशी कायम राहतात. क्रीडामोटारीत प्रत्येक मागील चाक सामान्यतः स्वतंत्र भुजांवर असते. त्यामुळे गाडी खाली बसली किंवा वर उचलली गेली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. वेगात वळण घेताना चालकाने अचानक पाय काढल्यास मागील बाह्य चाक टो-आउटकडे झुकू शकते आणि गाडीचा मागचा भाग घसरतो. ही प्रवृत्ती रोखण्यासाठी पोर्शे कंपनीने 1977 साली सादर केलेल्या 928 या मोटारीत वाइसाख आस योजिला. त्यात वेग कमी होताना चाक आपोआप टो-इनकडे वळते. मुंबईच्या डीसी डिझाईनने 2012 च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोत मांडलेल्या अवंतीसारख्या मोटारीत इंजिन मागील आसापुढे असते आणि चालनाही मागील चाकांना मिळते. अशा रचनेत मागील कोनांचे महत्त्व आणखी वाढते.

उंची बांधणारे साधन

कोन उंचीनुसार बदलत असल्याने ‘कोणत्या उंचीवर मोजावे’ हा पहिला प्रश्न ठरतो. त्याचे बोधप्रद उत्तर 1961 सालच्या जॅग्वार ई-टाइपमध्ये आढळते. तिच्या कार्यशाळा-पुस्तिकेनुसार मागील कॅम्बर तपासताना दोन्ही बाजूंस सेटिंग लिंक अडकवून निलंबन ठरावीक स्थितीत बांधले जाते. ही लिंक म्हणजे सव्वाआठ इंच, सुमारे 209.5 मि.मी., मध्यांतर राखणारी पट्टी. अपेक्षित कॅम्बर ऋण पाऊण अंश असून पाव अंशाची सूट आहे. समायोजन शिमने होते, 0.020 इंच जाडीची एक शिम कॅम्बर सुमारे पाव अंशाने बदलते. नावाने ‘विशेष’ असलेले हे साधन वस्तुतः एका निश्चित लांबीचे मूर्त रूप आहे. ती लांबी ठाऊक असल्यास साधनही घडविता येते.

स्थानिक साधने आणि त्यांच्या मर्यादा

मोजमापाची काही साधने गवंड्याच्या पिशवीतच असतात. रिमवरील वरचा व खालचा मोजबिंदू यांतील अंतर 400 मि.मी. धरल्यास एक अंश कॅम्बर म्हणजे ओळंब्यापासून सुमारे 7 मि.मी. फरक होय, पाऊण अंशास 5.2 मि.मी. येतात. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंस मध्यरेषेशी समांतर दोऱ्या ताणून प्रत्येक रिमच्या पुढील व मागील कडेपर्यंतचे अंतर मोजतात. येथे 0.1 अंश म्हणजे केवळ 0.7 मि.मी. भरतात. म्हणून साधी फूटपट्टी कॅम्बरला पुरते, टोला अपुरी पडते. मात्र दोरीची पद्धत प्रत्येक चाक स्वतंत्रपणे मोजत असल्याने थ्रस्ट अँगल उघड होतो.

जमीन समतल असणे ही पूर्वअट आहे. चाकांतील आडवे अंतर 1500 मि.मी. असताना एक बाजू 5 मि.मी. खाली असल्यास कॅम्बरमध्ये सुमारे 0.2 अंशाची चूक शिरते. पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने चारही चाकांखालील पातळी जुळविता येते. तसेच गाडी जॅकवरून उतरविल्यावर टायर जमिनीला धरून राहतात आणि निलंबन पूर्ण खाली बसत नाही. त्यासाठी गाडी पुढेमागे ढकलावी, किंवा चाकांखाली ग्रीस लावलेल्या दोन गुळगुळीत पत्र्यांची जोडी ठेवावी. कोनमापक उलट फिरवून पुन्हा मोजल्यास त्याचा अंगभूत दोषही कळतो.

निवडीचा निकष

यावरून एक व्यवहार्य निकष मिळतो. ज्या साधनाचे कार्य ठरावीक लांबी वा आकार राखणे आहे, ते पुस्तिकेतील मापावरून लेथवर घडविता येते. ज्या साधनाचे मूल्य अंशांकनात आहे, उदाहरणार्थ कॅमेऱ्यांवर आधारित त्रिमितीय यंत्र, ते सुसज्ज केंद्रातच वापरणे इष्ट. मात्र घडविलेले साधन दाबलेल्या स्प्रिंगचा भार पेलणार असेल, तर मापाबरोबर पोलादाची प्रत आणि बलाची गणना आवश्यक ठरते. ओढीखाली तुटलेली पट्टी खाली काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. केवळ माप जुळले म्हणून कोणत्याही तुकड्यावर जोडकाम करून असे साधन वापरणे धोक्याचे आहे.

निष्कर्ष

निरवांगीत क्रीडामोटारी विरळाच. पण बारामती औद्योगिक वसाहतीत पियाजिओचा वाहननिर्मिती कारखाना आहे, विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि बाहा एसएई इंडियासारख्या स्पर्धांत महाराष्ट्रातील विद्यार्थी स्वतः वाहने बांधून उतरतात. त्रिकोणमितीचा अध्यापक, कार्यशाळेचा निदेशक आणि गावातील मेकॅनिक यांनी एकाच ट्रॉलीभोवती दोरी ताणली, तर पदवी वर्गातील स्पर्शज्येचा अर्थ टायरच्या झिजेत वाचता येईल. विशेष साधनाचा शोध दुकानापासून सुरू होत नाही. नेमके काय, कोणत्या स्थितीत आणि किती सूक्ष्मतेने मोजायचे आहे, हे निश्चित झाल्यावरच त्या शोधाला दिशा मिळते.