तुंबाडची विहीर आणि मधुबिंदू

त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये भारतीयांसमोर आपला पहिला कथापट ठेवला. तो होता सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र यांवर पाणी सोडणाऱ्या राजा हरिश्चंद्राचा. नाशिकच्या मातीतून निघालेल्या या कलेचा आरंभच त्यागाच्या कथेने झाला. त्यानंतर एकशे पाच वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१८ रोजी, राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचा नायक काहीच सोडू शकत नाही. भयपट म्हणून तो गाजला. मात्र ज्या घरांत सकाळ सामायिकाने आणि दिवस पेढीच्या गल्ल्याने सुरू होतो, त्या घरांना त्यात भयापेक्षा अधिक काही सापडू शकते.

चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचलेले आहे, कथा मात्र वेगळी आहे. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर याला सारे सोने आणि सारे धान्य हवे होते. सोने त्याच्या हाती आले. धान्याकडे हात जाताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. मातेने त्याला वाचवून पुन्हा आपल्या उदरात घेतले; अट एकच, त्याची पूजा कधीही होणार नाही. पुढे तुंबाड गावातील एका घराण्याने त्याचेच मंदिर बांधले. या घराण्याशी जोडलेल्या विनायकाची कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत उलगडते. हस्तर कोणत्याही पुराणात नाही. तो कल्पित आहे. जैन दर्शनात सृष्टी प्रसवणाऱ्या देवतेलाही स्थान नाही. म्हणून ही कथा धर्मकथा म्हणून नव्हे, तर रूपक म्हणूनच वाचावी लागते.

विहिरीत लोंबणारा माणूस

या चित्रपटाचे केंद्र आहे वाड्यातील एक विहीर. विनायक दोराला धरून तिच्यात उतरतो आणि मातेच्या उदरात, लालसर, ओलसर, जिवंत भासणाऱ्या गुहेत पोहोचतो. हे दृश्य पाहताना पाठशाळेत वाढलेल्या श्रावकाला मधुबिंदूचा दृष्टांत आठवल्यावाचून राहत नाही. ‘वसुदेवहिंडी’त आणि हेमचंद्राचार्यांच्या ‘परिशिष्टपर्वा’त जंबूकुमारांच्या कथेत येणारा हा दृष्टांत अनेक मंदिरांच्या आणि उपाश्रयांच्या भिंतींवर चित्ररूपाने दिसतो. हत्ती पाठीशी लागल्याने एक माणूस विहिरीत लोंबतो आहे. खाली अजगर जबडा पसरून आहे, चार बाजूंना चार सर्प आहेत, आणि ज्या पारंबीला तो धरून आहे ती काळा व पांढरा असे दोन उंदीर कुरतडत आहेत. हत्ती म्हणजे मृत्यू, उंदीर म्हणजे सरत जाणारे कृष्ण आणि शुक्ल पक्ष, सर्प म्हणजे क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय. वरच्या पोळ्यातून मधाचा थेंब ओठांवर पडतो. विमानातून आलेला विद्याधर सुटकेसाठी हात पुढे करतो, तेव्हा तो माणूस म्हणतो, एक थेंब घेतो आणि येतो.

विनायकाची स्थिती याहून दयनीय आहे. दृष्टांतातील माणसाला हत्तीने विहिरीत ढकलले. विनायक मात्र दर वेळी स्वतःच्या पायांनी तिथे जातो. सुटकेचा दोर त्याच्या हातात असतो आणि त्याच दोराने तो पुन्हा खाली उतरतो.

सोने आहे, घास नाही

हस्तरच्या लंगोटीत सुवर्णमुद्रा खच्चून भरल्या आहेत, आणि तो युगानुयुगे भुकेला आहे. पिठाच्या बाहुलीसाठी तो सोन्याचे भान विसरतो. जैन चिंतनात परिग्रहाची व्याख्या नेमकी इथे लागू पडते. आचार्य उमास्वातींनी वस्तूला परिग्रह म्हटले नाही. वस्तूविषयीच्या मूर्च्छेला, ममत्वाच्या बेशुद्धीला परिग्रह म्हटले. हस्तरचा स्पर्श झालेली वृद्धा मरत नाही. तिच्या देहातून झाड उगवते, मुळे फुटतात, तरीही खजिन्याचे रहस्य तिच्या मनात जागेच असते. पंचेंद्रिय जीव स्थावराच्या अवस्थेकडे घसरत जावा, तसे हे दृश्य आहे. चौदा गुणस्थानांच्या क्रमात इतर कषाय गळून पडल्यावरही दहाव्या गुणस्थानापर्यंत सूक्ष्म लोभ उरतो, असे शास्त्र सांगते. सर्वांत शेवटी जाणारा शत्रू तोच.

पिठाचे रिंगण आणि आनंद श्रावकाची रेषा

विनायक उधळ्या किंवा अविचारी नाही, ही या चित्रपटातील सर्वांत सूक्ष्म गोष्ट. खाली उतरल्यावर तो स्वतःभोवती पिठाचे रिंगण आखतो, क्षण मोजतो, हाती लागतील तेवढ्याच मुद्रा घेऊन वर येतो. त्याच्या कामात शिस्त आहे, कौशल्य आहे, सरावही आहे. अति करू नये, एवढाच उपदेश त्याला लागू पडत नाही. कारण एका फेरीत तो अति करतच नाही. त्याच्या फेऱ्यांना मात्र अंत नाही. रिंगण त्याच्या देहाचे रक्षण करते, इच्छेला आवर घालत नाही.

याच ठिकाणी ‘उपासकदशांग’ सूत्रातील आनंद श्रावकाची आठवण व्हावी. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ बारा कोटी सुवर्णमुद्रांचा धनी होता. चार कोटी ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. शिवाय दहा हजारांचा एक असे गाईंचे चार कळप. भगवान महावीरांसमोर त्याने हे सर्व टाकून दिले नाही. आहे तेवढ्यावर रेषा ओढली आणि यापुढे नाही, असे व्रत घेतले. परिग्रह-परिमाण व्रत श्रीमंतीच्या विरोधात नाही. आकडा आधी ठरवण्याच्या बाजूने आहे. लाभ समोर आल्यावर ठरवलेली मर्यादा लाभाबरोबर सरकते. विनायकाने ती कधी ठरवलीच नाही.

वारसा कशाचा?

तिसऱ्या टप्प्यात विनायक आपल्या मुलाला, पांडुरंगाला, हेच कसब शिकवतो. बाप मुलाला धंद्यात घेतो, हे दृश्य कोणत्याही पेढीवर दिसणारे आहे. म्हणूनच ते अंगावर येते. मुलगा बापाच्या पुढे जातो: मूठभर मुद्रा कशाला, सारी लंगोटीच का नको? त्या हव्यासाची किंमत बापाला मोजावी लागते. शेवटी हस्तरच्या स्पर्शाने विद्रूप झालेला बाप तीच लंगोटी मुलापुढे धरतो, आणि मुलगा ती नाकारतो.

‘उत्तराध्ययन’ सूत्रात नावाने येणाऱ्या कपिल मुनींची कथा इथे आठवते. दोन मासे सोन्यासाठी निघालेल्या कपिलाला राजा म्हणतो, हवे ते माग. बागेत बसून विचार करता करता त्याची मागणी दोन माशांवरून शंभरावर, हजारावर, लाखावर आणि कोटीवर जाते. मग त्याच्या ध्यानात येते की लाभ वाढतो तसा लोभ वाढतो, आणि तो काहीच मागत नाही. पांडुरंगाचा नकार याच जातीचा आहे, पण एक फरक विसरता येत नाही. कपिल स्वतःच्या मनाकडे पाहून थांबला. पांडुरंगाला थांबण्यासाठी बापाचा विनाश डोळ्यांनी पाहावा लागला. त्यानंतर तो बापाला अग्नीच्या स्वाधीन करतो. अहिंसा मानणाऱ्या प्रेक्षकाला हा शेवट सुटका वाटणार नाही. देह जळाला तरी कर्म जळत नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. वर, दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही. व्याजातून बौद्ध भिक्षूंच्या वस्त्रांची व इतर गरजांची सोय व्हावी. याच डोंगरातील दुसऱ्या एका लेण्यात जैन मूर्तीही आहेत. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचे ते धन मालकाच्या हातून सुटले आणि कामाला लागले. हस्तरचे धन त्याच्या कमरेलाच राहिले.

‘तुंबाड’ लहान मुलांना दाखवण्याजोगा नाही. पण मोठ्यांनी तो पाहिला, तर पर्युषणातील एखाद्या संध्याकाळी घरात एक प्रश्न मोकळेपणाने निघावा: पुढच्या पिढीच्या हाती आपण तिजोरीची किल्ली देणार आहोत, तिच्यासोबत आपल्या परिमाणाचा आकडाही सांगणार आहोत का?