वस्तादांची नजर

वस्ताद हौद्याच्या काठी येऊन उभे राहिले की मुरलेल्या मल्लाचा डाव अधिक सफाईने बसतो. नवशिक्या पोराचा मात्र तोच डाव फसतो, हे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. असे का व्हावे? रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली याची उपपत्ती मांडली. कोणी पाहत असले की मन उत्तेजित होते, आणि अंगवळणी पडलेली क्रियाच आधी उसळून येते. मुरलेल्याची ती बिनचूक, नवशिक्याची बहुधा चुकीची! अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बिलियर्डच्या टेबलाजवळ चौघे पाहत उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे साधलेले फटके शेकडा ७१ वरून ८० वर गेले, कच्च्यांचे ३६ वरून २५ वर आले. म्हणून नवा डाव घोटणाऱ्या पोराकडे वस्तादांनी घटकाभर पाठ फिरवावी, असे आम्हांस वाटते. पण न पाहता त्याची चूक सुधारणार कशी? वस्तादांची खरी पंचाईत तीच आहे.