माती व नैसर्गिक पाण्यातील धातुप्रदूषणाचे मापन

माती, नदी-खाडीचे पाणी व तळगाळ यांतील शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम इत्यादी धातूंचे प्रमाण शोधणे, तसेच ते नैसर्गिक आहे की मानवी हस्तक्षेपामुळे वाढले आहे हे ठरवणे, यास धातुप्रदूषणाचे मापन म्हणतात. सेंद्रिय पदार्थ कालांतराने कुजतात. धातू मात्र मूलद्रव्ये असल्याने नष्ट होत नाहीत, केवळ स्थान व रूप बदलतात. ठाणे जिल्ह्यातील उल्हास नदीचे खोरे हे या विषयाचे महत्त्वाचे उदाहरण आहे.

== भौगोलिक पार्श्वभूमी ==
राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर व कल्याणमार्गे खाडीस मिळते. काळू नदी तिला कल्याणजवळ मिळते. वालधुनी नदी अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण या दाट वस्तीच्या औद्योगिक पट्ट्यातून वाहते. उल्हास नदी एकीकडे अनेक शहरांना पिण्याचे पाणी पुरवते, तर दुसरीकडे तिच्या खाडीत सांडपाणी येते.

== नमुने घेणे ==
विरघळलेले धातू मोजण्यासाठी पाणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नयेत म्हणून त्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ पेक्षा खाली आणतात. बाटल्याही आधी आम्लाने धुतलेल्या असाव्या लागतात. खाडीत भरती व ओहोटी यांनुसार पाण्याची घटना बदलते. त्यामुळे नमुन्यासोबत वेळ व क्षारता यांची नोंद आवश्यक असते. माती वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळतात. धातू प्रामुख्याने बारीक कणांना चिकटत असल्याने तळगाळाच्या अभ्यासात बहुधा ६३ मायक्रॉनपेक्षा लहान कण वेगळे करतात.

== विश्लेषण ==
माती किंवा गाळ तीव्र आम्लांत तापवून धातू द्रावणात आणले जातात. अणुशोषण वर्णपटमापीत धातूचे अणू विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषतात आणि त्यावरून प्रमाण कळते. अतिसूक्ष्म प्रमाणासाठी आयसीपी-एमएस हे उपकरण, तर पाऱ्यासाठी शीत बाष्प पद्धत वापरतात. प्रत्येक संचासोबत कोरा नमुना व ज्ञात प्रमाणाचा प्रमाणित नमुना तपासला नाही, तर निष्कर्ष विश्वसनीय मानला जात नाही.

== मानके व अन्वयार्थ ==
भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यातील स्वीकार्य मर्यादा (मिलिग्रॅम प्रति लिटर) पुढीलप्रमाणे आहेत :
* शिसे – ०.०१
* कॅडमियम – ०.००३
* पारा – ०.००१
* एकूण क्रोमियम – ०.०५

मातीबाबत केवळ आकडा पुरेसा नसतो. या प्रदेशातील माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली असल्याने तिच्यात लोह, तांबे, क्रोमियम यांचे प्रमाण मुळातच अधिक असू शकते. म्हणून धातूचे ॲल्युमिनियमशी असलेले गुणोत्तर काढून त्याची तुलना अप्रदूषित स्थानिक मातीतील गुणोत्तराशी करतात. यास समृद्धी गुणांक म्हणतात. ही तुलना न केल्यास निर्दोष जमीन प्रदूषित ठरण्याची किंवा खरे प्रदूषण नैसर्गिक समजले जाण्याची शक्यता असते.

== उल्हास खाडीतील पारा ==
मिठाच्या द्रावणापासून कॉस्टिक सोडा व क्लोरीन बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचा ऋणाग्र वापरला जाई. अशा कारखान्यांच्या सांडपाण्यातून पारा उल्हास खाडीत गेला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात खाडीच्या वरच्या भागातील तळगाळात पाऱ्याचे प्रमाण नैसर्गिक पातळीच्या अनेक पट असल्याची नोंद आहे.

पारा गाळात स्थिरावत असल्याने वरचे पाणी मानकात बसले, तरी खाडी स्वच्छ आहे असे म्हणता येत नाही. रेतीउपशाने गाळ ढवळला गेल्यास पारा पुन्हा पाण्यात येऊ शकतो. गाळातील जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात व तो माशांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला आजारही मिथिल पारा असलेले मासे खाल्ल्याने झाला होता. त्यामुळे खाडीच्या तपासणीत पाणी, तळगाळ व मासे या तिन्हींचे मापन एकत्रितपणे करणे आवश्यक ठरते.