निळ्या प्रकाशाची प्रतीक्षा

तारेचा जुना विजेचा दिवा तासभर लागलेला असला, की त्याला हात लावण्याचे धाडस कोणी करीत नाही. त्या चटक्यातच त्या दिव्याचा मुख्य दोष दडलेला आहे. काचेच्या गोळ्यातील टंगस्टनची बारीक तार विजेच्या प्रवाहाने सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तापते म्हणूनच उजळते. शंभर भाग वीज खर्च झाली, तर तिच्यातील जेमतेम पाच ते दहा भागांचा दृश्य प्रकाश होतो. उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. १८७९ साली एडिसन यांनी ज्या तत्त्वावर दिवा यशस्वी करून दाखविला, ते तत्त्व शंभरांहून अधिक वर्षे घराघरांत टिकून राहिले. पुढे आलेल्या ट्यूबलाइटने ही उधळपट्टी पुष्कळ कमी केली. परंतु तिच्या पोटात पाऱ्याची वाफ असते आणि नळी फुटली म्हणजे हा विषारी धातू बाहेर पडतो.

एलईडी, म्हणजे प्रकाश उत्सर्जित करणारा डायोड, या दोहोंपेक्षा मुळातच वेगळा आहे. त्यात तापणारी तार नाही आणि पाऱ्याची वाफही नाही. त्याच्या गाभ्याशी अर्धसंवाहक पदार्थाचा मोहरीएवढा स्फटिक असतो. या स्फटिकाच्या एका थरात मोकळ्या इलेक्ट्रॉनांची विपुलता असते, तर दुसऱ्या थरात इलेक्ट्रॉनांच्या रिक्त जागा असतात. योग्य दिशेने वीज वाहू लागली, की दोन थरांच्या संधीपाशी इलेक्ट्रॉन त्या रिक्त जागांत पडतात आणि पडताना आपल्याजवळची ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने टाकून देतात. ही उडी लहान असेल तर प्रकाश तांबडा असतो; मोठी असेल तर निळा. उडी केवढी असावी, हे त्या पदार्थाच्या घडणीवरच अवलंबून असते. एलईडीचा सारा इतिहास म्हणजे योग्य पदार्थाचा शोध होय.

या शोधाचा आरंभ जवळजवळ योगायोगाने झाला. मार्कोनी यांच्या संस्थेत काम करणारे इंग्रज अभियंता हेन्री जोसेफ राउंड यांना १९०७ साली कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, या पदार्थाच्या स्फटिकातून वीज सोडली असता पिवळसर प्रकाश दिसला. त्यांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले आणि विषय तेथेच राहिला. १९२०नंतरच्या दशकात रशियातील ओलेग लोसेव्ह या तरुण तंत्रज्ञाने हाच प्रकाश पुन्हा पाहिला व त्याचा कसून अभ्यास केला. स्फटिकाच्या पृष्ठभागावर बेंझीनचा थेंब ठेवून त्यांनी पाहिले, की प्रकाश चालू असतानाही थेंब अधिक वेगाने उडून जात नाही. अर्थात हा प्रकाश उष्णतेतून निघालेला नव्हता. लोसेव्ह यांचे १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने निधन झाले आणि त्यांचे कार्य दीर्घकाळ विस्मृतीत गेले.

१९६२ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोन्याक यांनी दृश्य तांबडा प्रकाश देणारा व्यवहारोपयोगी एलईडी तयार केला. १९७२ साली जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळ्या प्रकाशाचा एलईडी बनविला. हिरवाही उपलब्ध झाला. गणकयंत्रांचे आकडे आणि रेडिओवरील इवले खूणदिवे त्यांनी उजळले. खोली मात्र उजळेना. पांढऱ्या प्रकाशासाठी तांबड्या व हिरव्याच्या जोडीला निळा हवा, आणि झगझगीत निळा एलईडी तीस वर्षे कोणालाच साधला नाही.

गॅलियम नायट्राइड हा पदार्थ निळ्या प्रकाशास योग्य आहे, हे ठाऊक होते. अडचण दुहेरी होती : त्याचे निर्दोष स्फटिक वाढत नव्हते आणि त्यात रिक्त जागांचा थर तयार होत नव्हता. अनेक प्रयोगशाळांनी त्याचा नाद सोडला. जपानमधील नागोया विद्यापीठात इसामु अकासाकी व त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी तो सोडला नाही. १९८६ साली नीलमण्याच्या चकतीवर ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन त्यांनी चांगले स्फटिक वाढविले. १९८९ साली दुसरी अडचणही दूर केली. निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी स्वतंत्र वाटेने जाऊन १९९३ साली तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला. या निळ्या प्रकाशापुढे पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप ठेवला, की दोहोंच्या मिश्रणातून डोळ्यांना पांढरा प्रकाश दिसतो. १९९६च्या सुमारास असे दिवे बाजारात आले. २०१४ साली या तिघा शास्त्रज्ञांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तथापि प्रयोगशाळेतील यश म्हणजे घरातील उजेड नव्हे. ज्या कुटुंबाला विजेचे बिल सर्वांत जड जाते, त्याच कुटुंबाला तीनशे रुपयांचा दिवा घेणे सर्वांत अवघड असते. भारतात ५ जानेवारी २०१५ रोजी 'उजाला' योजना सुरू झाली, तिने या गाठीलाच हात घातला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या संस्थेने दिव्यांची घाऊक खरेदी केली. २०१४ च्या आरंभी एका दिव्याची खरेदी किंमत ३१० रुपये होती. २०१६ मध्ये ती ३८ रुपयांवर आली. काही ठिकाणी ग्राहकाने प्रथम दहा रुपये भरावेत आणि उरलेली रक्कम वीजबिलातून हप्त्याहप्त्याने फेडावी, अशीही सोय होती. या योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले.

त्यांतील एका दिव्याचा हिशोब कोणालाही करता येईल. साठ वॉटचा जुना दिवा रोज पाच तास लावला, तर वर्षात सुमारे ११० युनिट वीज जळते. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी १६ ते १७ युनिट घेतो. एका दिव्यामागे ९३ युनिटांची बचत होते, आणि तितकी वीज निर्माण करण्यासाठी लागणारा कोळसाही वाचतो.

एलईडी मात्र सर्वस्वी निर्दोष नाही. त्याच्या स्फटिकापाशी उष्णता साठते. ती बाहेर जाण्यास वाट नसेल, किंवा आतील विद्युतमंडल हलक्या प्रतीचे असेल, तर हजारो तासांचे आयुष्य सांगितलेला दिवाही लवकर निकामी होतो. निकामी झालेला दिवा इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात जमा व्हावयास हवा. शिवाय उजेड स्वस्त झाला म्हणून गरज नसताना दिवे लावून ठेवले, तर वाचलेली वीज पुन्हा खर्चीच पडते. तीस वर्षांच्या चिकाटीने शास्त्रज्ञांनी विजेची उधळपट्टी थांबविण्याचे साधन दिले. खोलीबाहेर पडताना बटण बंद करण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले आहे.