जुन्या ट्रॅक्टरची लिव्हर-पेडलं: स्वस्तातली डागडुजी

उसाच्या ट्रॉल्या ओढून झिजलेल्या ट्रॅक्टरसाठी हे घरगुती उपाय:

● हात-अ‍ॅक्सिलरेटर जागेवर थांबत नाही: लिव्हरच्या बुडाची घर्षण-चकती झिजलेली असते. स्प्रिंगचा नट थोडा आवळा. चकतीला ग्रीस लावू नका.

● गिअर लिव्हरचं रबर फाटलं: जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून क्लिपने आवळा. पाणी आत गेलं की गिअरबॉक्सचं तेल दुधाळ होतं.

● क्लच पेडल डुगडुगतं: जोडाची पिन झिजून भोक लंबगोल झालेलं असतं. लेथवाल्याकडून बुश बसवा; पिन आणि स्प्लिट पिन नवी टाका. मग पेडलची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे लावा. बहुतेक जुन्या मॉडेलांत ती साधारण इंचभर असते.

इथे जुगाड नको: ब्रेक आणि स्टिअरिंगच्या जोडांत तार किंवा खिळा कधीच घालू नका, तिथे मूळ भागच बसवा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडलं खिटीने जोडलेलीच हवीत. एकच ब्रेक लागला, तर भरलेल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर उलटू शकतो.