समुद्र हरवलेलं माझगाव

मुंबईच्या सात बेटांतलं एक बेट म्हणजे माझगाव. गोदीचं गाव, खलाशांचं गाव. पण गल्ल्यांतून तासभर हिंडा, समुद्र म्हणून दिसणार नाही. मध्ये भराव आहे, गोदामं आहेत आणि बंदराच्या उंच भिंती.

तो बघायचा तर डॉकयार्ड रोड स्टेशनालगतच्या भंडारवाड्याच्या टेकडीवर चढायचं. वर बाग आहे आणि बागेखाली शहराला पाणी देणारा जलाशय. बाकड्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा चालू असतात, खालून हार्बरची लोकल खडखडत जाते. तिच्यापलीकडे क्रेन, क्रेनखाली अर्धवट बांधलेली जहाजं आणि मग कुठे मातकट पाणी. ह्याच टेकडीवर इंग्रजांचा किल्ला होता. जंजिऱ्याच्या सिद्दीने तो घेतला आणि 1690 मध्ये माघारी जाताना उद्ध्वस्त केला. आता बागेला नाव आहे काका बाप्टिस्टांचं. टिळकांचे हे बॅरिस्टर सहकारी 1925 मध्ये मुंबईचे महापौर झाले.

काका इथल्याच माथारपाखाडी या जुन्या वस्तीतले. बाहेरून चढणारे लाकडी जिने, रंगीत कठडे आणि वळणावरचा क्रूस अजून तिथे आहे. तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची मराठी पुण्याच्या माणसाला पहिल्यांदा चकवते. कान सरावला की मात्र ती आगरी-कोळी बोलीची चुलतबहीण वाटू लागते. 1572 मध्ये पोर्तुगीज राजाने माझगाव डिसूझा घराण्याला दिलं, त्या काळाच्या खुणा आता अशा गल्ल्यांतच सापडतात. 1632 चं ग्लोरिया चर्चही 1911 मध्ये पाडलं गेलं आणि नवं भायखळ्याला उभं राहिलं.

आंबेही गेले. माझगावची काही झाडं वर्षातून दोनदा फळायची. टॉमस मूर या आयरिश कवीने 1817 च्या ‘लल्ला रूख’मध्ये या आंब्यांची दखल घेतली होती. आज इथे आंबा दिसतो तो फळवाल्याच्या पेटीत, आणि तो ‘देवगड’ म्हणूनच विकला जातो!

टिकली ती गोदी. 1774 च्या सुमाराची छोटी सुकी गोदी, 1934 मध्ये तिची कंपनी, 1960 मध्ये सरकारी मालकी. ‘नीलगिरी’ ही युद्धनौका इथेच बांधली गेली आणि 1972 मध्ये नौदलात गेली. पुढे पाणबुड्याही झाल्या. पण बंदराशेजारी राहण्याची किंमत या भागाने 14 एप्रिल 1944 ला मोजली. व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात घेऊन उभं असलेलं ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज दुपारी चारनंतर फुटलं. शेकडो माणसं मेली. त्याच जहाजातल्या सोन्याच्या विटा उडून दूरवर पडल्या, आणि काही तर पुढे कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ उपसताना सापडल्या.

समुद्रावरून माझगाव बघायचं तर भाऊचा धक्का गाठावा. त्यातले ‘भाऊ’ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. त्यांचा मूळ धक्का आता नाही. नाव नव्या धक्क्याला चिकटलं. तिथून रेवसची लाँच पकडावी. डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास नाकात असतानाच ती मागे सरते, वळते, आणि भिंतीमागचं माझगाव एकदाचं समोरून दिसतं.