वारं गेलं म्हणजे काय झालं?

(तृतीय वर्ष कला)

"अवो ताई, ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं!" असे आईने शेजारच्या काकूंना दारातूनच ओरडून सांगितले, तेव्हा आमच्या कोपरखैरण्याच्या घरातल्या घड्याळात पहाटेचे साडेचार वाजायचे होते. आबा, म्हणजे माझे वडील, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार. रोज चारला उठायचे, चहा घ्यायचे आणि पाचच्या आत घर सोडायचे. त्या दिवशी चहाचा कप उजव्या हातातून गळून पडला, तोंडाची एक बाजू ओघळली आणि ते जे काही बोलू लागले त्यातला एकही शब्द आम्हाला कळेना.

वारं गेलं म्हटल्यावर पुढे काय करायचे हे आमच्याकडे सर्वांनाच ठाऊक असते. लसूण घालून तेल तापवले गेले. आईने उजवा हात चोळला, मी उजवा पाय चोळला. चाळीतल्या एका आजींनी पारव्याचे रक्त सुचवले. एवढ्या पहाटे पारवा कुठून आणायचा म्हणून तेवढे राहिले. पाटण तालुक्यात, आमच्या गावी, फोन झाला. चुलते म्हणाले, जरा झोपू द्या. झोपू दिले. नऊ वाजता नाक्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी रक्तदाब पाहिला आणि ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. पहिल्या ठिकाणी मेंदूचे चित्र काढण्याचे यंत्र बंद होते. दुसऱ्या ठिकाणी पोहोचेतो साडेअकरा झाले.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "ह्यांना शेवटचं अगदी धडधाकट कधी पाहिलंत?" आई म्हणाली, "चारला. च्या मागितला त्यांनी." बाईंनी कागदावर चार असे लिहिले, मनगटावरच्या घड्याळाकडे एकदा पाहिले आणि त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत. मला तेव्हा त्या प्रश्नाचा रागच आला होता. समोर माणूस अर्धा लुळा होऊन पडला आहे आणि ह्या चहाची वेळ विचारताहेत! त्या प्रश्नाचे वजन कळायला मला पुढे वर्षभर वाचन करावे लागले. ते वाचन वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी मराठी विषयाचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्रात माझी गती नाही. चूकभूल झाली तर जाणकारांनी पोटात घालावी.

प्रारंभ शब्दापासूनच करतो, कारण माझ्या मते आमचे सात तास शब्दानेच घालवले. अर्धांगवायू, पक्षाघात, लकवा, वारं जाणे: या रोगाची आपल्याकडची ही नावे. त्यांत 'वायू' आहे, 'पक्ष' म्हणजे शरीराची एक बाजू आहे, पण मेंदू कुठेच नाही. जे डोळ्यांना दिसते त्याला नाव मिळाले. वारा अंगावरून गेला म्हणजे उपाय अंगावर करायचा, हे त्यामागून ओघाने येते. आबांचा हात आणि पाय तर त्या दिवशीही पूर्ण ठीक होते. त्यांत काडीचाही दोष नव्हता. दोष होता डोक्यात, तोही डाव्या बाजूस. मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, आणि बहुतेक माणसांत भाषेचे कामही त्याच बाजूला चालते. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासून १८६१ मध्ये भाषेची एक जागा दाखवून दिली, हे भाषाविज्ञानाच्या तासाला आपण ऐकलेले असतेच. आम्ही ते परीक्षेपुरते ऐकले होते.

आता डोक्यात नेमके काय होते? आमच्या नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मोठ्या जलवाहिनीतून येते, आणि वाहिनी फुटली किंवा दुरुस्तीला घेतली की काय होते ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. काही घरांत नळ तत्काळ कोरडा पडतो. काही इमारतींच्या गच्चीवर टाकी असते, त्यांचे दोनचार तास निभतात. काहींना शेजारच्या वाहिनीतून थोडे थोडे पाणी मिळत राहते. घर चालत नाही, पण घशाला कोरड पडत नाही. मेंदूचेही तसेच आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के भरणारा हा अवयव हृदयाने ढकललेल्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त घेतो आणि साठा म्हणून जवळजवळ काहीच ठेवत नाही. धमनीत रक्ताची गुठळी अडकली की तिच्या ऐन पुढचा भाग काही मिनिटांतच मरतो. परंतु त्याच्या भोवती एक असा पट्टा असतो की जो काम थांबवतो, पण जिवंत असतो. शेजारच्या वाहिन्यांच्या उसन्या रक्तावर तग धरून असतो. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच लुळे दिसतात. वाचवता येण्याजोगे जे काही असते ते या पट्ट्यात, आणि तो मिनिटामिनिटाने आकसत जातो. मोठी धमनी बंद पडली असता दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब अमेरिकन संशोधक जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. आम्ही तेल तापवण्यातच पंधरा मिनिटे घालवली होती. त्याचा गुणाकार मी एकदा केला. पुन्हा केला नाही.

जिवंत माणसाच्या कवटीतल्या धमन्या पाहता याव्यात ही युक्ती पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांची. मानेतल्या धमनीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडायचे आणि तत्क्षणी चित्र घ्यायचे, म्हणजे धमन्यांचे झाड उमटते. हे त्यांना १९२७ मध्ये लिस्बनला साधले. (त्यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र मेंदूचे तंतू छेदण्याच्या भलत्याच शस्त्रक्रियेबद्दल. पारितोषिक देणारेही चुकतात.)

या पुढची पायरी आपल्या मुंबईत रचली गेली, हे वाचून मला विलक्षण आनंद झाला. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुठळीने धमनी बंद झालेल्या रुग्णांची अशी चित्रे घेतली, आणि काही काळाने तीच चित्रे पुन्हा घेतली. पहिल्या चित्रात जिथे झाडाची फांदी तुटल्यासारखी दिसत होती, तिथे नंतरच्या चित्रात फांदी परत आलेली होती! गुठळी आपली आपण विरघळली होती. हे निरीक्षण १९६५ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या विख्यात नियतकालिकात छापून आले. यातला अर्थ क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. वाट मोकळी होते, पण तोवर पलीकडचे गाव उठून गेलेले असते. म्हणजे प्रश्न गुठळी विरघळेल की नाही हा नसून, ती वेळेत विरघळेल का, हा आहे. आईला विचारलेल्या प्रश्नाचे बीज मला इथे सापडले.

पण घाईघाईने गुठळी विरघळवणारे औषध टोचावे, तर दुसरे संकट उभे राहते. वारं गेलेल्या प्रत्येकाची धमनी बंदच झालेली असते असे नाही. काहींची फुटलेली असते. मुंबईच्या एका ठरावीक विभागातल्या वस्तीत २००५ आणि २००६ ही दोन वर्षे पहिल्यांदाच झटका आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्यात आली. हेही काम डॉ. दलाल यांच्याच पुढाकाराने झाले. एकूण ४५६ रुग्णांत सुमारे ८० टक्क्यांना गुठळीचा झटका होता आणि सुमारे १८ टक्क्यांना रक्तस्रावाचा. २८ दिवसांच्या आत जवळजवळ ३० टक्के दगावले. गुठळी आणि रक्तस्राव यांचा फरक तोंडाकडे किंवा हाताकडे पाहून खात्रीने सांगता येत नाही, आणि फुटलेल्या धमनीवर ते औषध दिले तर ते विषच. हा फरक चटकन दाखवणारे यंत्र म्हणजे सीटी स्कॅन. त्याने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनला. ते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या अभियंत्याने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या ईएमआय कंपनीत बसून तयार केले.

आता मुख्य परीक्षा. औषध गुणकारी आहे असे डॉक्टरांना वाटणे निराळे आणि ते तसे असणे निराळे. अमेरिकेत ६२४ रुग्ण घेतले. झटक्यापासून ३ तासांच्या आत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने, ३१२ जणांना औषध दिले आणि ३१२ जणांना औषध नसलेले तसेच दिसणारे द्रव दिले. कुणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. १९९५ मध्ये निकाल लागला. औषध घेतलेल्यांत तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे झालेले अधिक निघाले. त्याचबरोबर मेंदूत घातक रक्तस्राव ०.६ टक्क्यांऐवजी ६.४ टक्क्यांना झाला. लाभ आणि धोका दोन्ही खरे होते, आणि गोळाबेरीज लाभाची होती. २००८ मध्ये दुसऱ्या एका चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत ओढली. आबांची साडेचार तासांची मुदत साडेआठला संपली. तेव्हा ते घरी झोपले होते आणि आम्ही बरे वाटतेय म्हणून हळू आवाजात बोलत होतो.

ती ३१२ माणसे माझ्या मनातून जात नाहीत. आपल्या बापाला औषध न मिळण्याची शक्यता निम्मी आहे हे ऐकूनही कुणीतरी त्या कागदावर सही केली असेल. मी केली असती का? ठाऊक नाही.

पुढे जांघेतून बारीक नळी घालून गुठळी ओढूनच काढण्याची पद्धत आली. नेदरलँड्समध्ये ५०० रुग्णांवर तिची तशीच परीक्षा झाली. २०१५ च्या निकालात आपल्या पायावर उभे राहिलेले १९ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेले. २०१८ मध्ये तर असे दिसले की, ज्यांचा तो तग धरलेला पट्टा चित्रात अजून मोठा दिसतो अशा निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही हा उपाय उपयोगी पडतो. त्यामुळे उशीर झाला तरी नेऊन काय उपयोग, असे आता कुणी म्हणू नये. आबांच्या बाबतीत मात्र बंद झालेली फांदी लांबची आणि बारीक होती; नळी तिथवर नेण्याजोगी नव्हती.

मेंदूचे चित्र शिळे होते, ही गोष्ट झटक्यापुरतीच असेल असे मला वाटत होते. ती तशी नाही, हे कोपरखैरण्याहून पनवेलच्या गाडीने जिथे थेट जाता येते त्या खारघरला चाललेल्या कामाविषयी वाचल्यावर कळले. तिथे टाटा मेमोरियल केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार आणि संशोधनाचे केंद्र आहे. मेंदूतील अर्बुद, म्हणजे गाठ, काढताना शल्यविशारद आधी घेतलेले चित्र नकाशासारखे वापरतो. पण कवटी उघडली, आतले पाणी वाहून गेले, गाठीचा थोडा भाग निघाला की मऊ मेंदू जागचा सरकतो. नकाशा तोच राहतो आणि मुलूख हलतो. बरे, गाठ आणि निरोगी मेंदू यांची हद्द डोळ्यांना स्पष्ट दिसते असेही नाही. कमी काढावी तर गाठ राहते. जास्त काढावी तर माणसाचा हात किंवा भाषा जाते. खारघरचे डॉ. अलीअसगर मोईयादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच ध्वनिलहरींनी, गरोदर बायकांची सोनोग्राफी करतात त्याच तत्त्वाने, मेंदूचे त्रिमिती चित्र पुन्हा पुन्हा घेऊन नकाशा ताजा करण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला आणि २०१३ पासून त्यावर लेख प्रसिद्ध केले. भाषेच्या जागेजवळची गाठ असेल तर रुग्णाला जागे ठेवून, चित्रे दाखवून त्यांची नावे विचारत विचारतही शस्त्रक्रिया करतात. मेंदूच्या ऊतींना स्वतःला वेदना नसते, म्हणून हे शक्य होते. शब्द अडखळला की हात थांबतो.

टाटा मेमोरियलचेच आणखी एक काम सांगितले पाहिजे. मेंदूत संथ वाढणाऱ्या गाठी असलेली २०० मुले आणि तरुण यांना २००१ ते २०१२ या काळात चिठ्ठीपद्धतीने दोन गटांत विभागून, नेहमीचे किरणोपचार आणि गाठीपुरते नेमके बेतलेले किरणोपचार यांची तुलना झाली. २०१७ च्या निकालात नेमक्या किरणांच्या गटातील मुलांची बुद्धी अधिक चांगली राहिलेली दिसली, आणि ग्रंथींचे नवे विकार ५१ ऐवजी ३१ टक्क्यांना झाले. निकाल यायला सोळा वर्षे लागली. आपण तीन वर्षांच्या पदवीला कंटाळतो!

सगळेच निकाल मनासारखे लागत नाहीत. झटक्यानंतर घरच्या माणसांनाच शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यावा, या कल्पनेची भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर चाचणी झाली. २०१७ मध्ये निकाल छापला: सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत ४७ टक्केच. काहीही फरक नाही. आई आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ आबांचा हात उघडतो, मिटतो. त्यामुळे हे वाचले त्या दिवशी मला वाचनालयातून उठून बाहेर यावे लागले. नंतर वाटले, इतकी मेहनत घेऊन 'उपयोग झाला नाही' असे छापणाऱ्यांना काय म्हणावे? निदान खोटी आशा विकणाऱ्यांपेक्षा हे लोक आपले अधिक जवळचे. आम्ही हात उघडणे-मिटणे थांबवलेले नाही. आबांना ते आवडते.

ज्यांनी इथवर वाचले त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: तोंड वाकडे झाले, हात वर धरला असता खाली येऊ लागला, बोलणे बोबडे किंवा असंबद्ध झाले, यांपैकी एकही गोष्ट अचानक घडली तर घड्याळ पाहावे, १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅन चालू आहे ना हे आधी विचारून तिथेच न्यावे. तेल तापवू नये. तोंडात पाणीसुद्धा घालू नये. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जाते.

आबा आता काठी घेऊन चालतात. वाचेच्या सरावासाठी मी त्यांना चित्रांचे पुठ्ठे दाखवतो. ज्या बाजारात हयात गेली तिथला बटाटा दाखवला की ते ठामपणे "कांदा" म्हणतात, मग स्वतःच हसतात आणि मान हलवतात. धमन्यांच्या चित्राची फिल्म आईने कपाटावर ठेवली आहे. खिडकीच्या उजेडात धरली की डावीकडची एक बारीक फांदी मध्येच संपलेली दिसते. कोपऱ्यात इंग्रजी आकड्यांत वेळ छापलेली आहे: ११.५२.